शुक्रवारी सही करू नका

कॅलिफोर्नियात बे एरियात राहणाऱ्या एका आईचं पत्र आलंय. मुलगा 13 वर्षांचा, पब्लिक स्कूलमध्ये आठवीत. दातांना तारा बसवल्यामुळे अख्खं सफरचंद चावता येत नाही, म्हणून त्याने डब्यात साल काढायची छोटी सुरी टाकली. जेवणाच्या सुट्टीत ती हातात धरून मित्राशी हसत-बोलत असताना शेजारच्या मुलीने तक्रार केली. 5 दिवसांचं सस्पेन्शन झालं, आणि आता शाळेतून काढून टाकायची शिफारस आहे. आईने त्याच रात्री प्रिन्सिपलना ईमेल करून माफी मागितली. डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेने, एक करारपत्र पुढे केलंय: शुक्रवारपर्यंत सही करा, प्रकरण लवकर मिटेल.

ताई, शुक्रवारी सही करू नका. त्या कागदाला इथे स्टिप्युलेटेड एक्सपल्शन म्हणतात. म्हणजे सुनावणीचा हक्क सोडून हकालपट्टी आपणहून मान्य करायची. क्वचित तो सौदा फायद्याचाही असतो, पण समोरचा पुरावा पाहिल्याशिवाय ते कळणार कसं?

मला जास्त काळजी तुमच्या ईमेलची वाटते. शाळेतून बोलावणं आलं की आपण आधी हात जोडतो, ‘पुन्हा असं होणार नाही’ असं लिहून देतो, आणि आपल्याकडे बऱ्याचदा विषय तिथेच संपतो. इथे तो कागद फाइलला लागतो. तुम्ही लिहिलंय, ‘त्याने तिला घाबरवायला नको होतं.’ तुम्ही तिथे नव्हता, आणि मुलगा तर म्हणतो की त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. या एका वाक्याने केस फिरू शकते. राज्याच्या शिक्षण कायद्याच्या कलम 48915 प्रमाणे दुसऱ्यावर सुरी रोखली असेल तर प्रिन्सिपलना हकालपट्टीची शिफारस करावीच लागते. नुसती जवळ बाळगली असेल, तर शिफारस न करण्याची मुभा त्यांना आहे. आजच दोन ओळी पाठवा: मी प्रसंग पाहिलेला नाही, माझी माफी ही घटनेची हकिकत समजू नये.

मग सुरीचं माप. तुम्ही पातं 2 इंचांचं सांगता. त्याच कलमात ‘सुरी’ची व्याख्या आहे: मुख्यतः भोसकण्यासाठी बनवलेलं पातं, साडेतीन इंचांहून लांब पातं असलेलं हत्यार, उघडल्यावर लॉक होणारा चाकू वगैरे. फळं सोलायची सुरी यात सहज बसत नाही. फौजदारी कायद्यात लांबीची मर्यादा अडीच इंच आहे, म्हणून माप नक्की हवं. सुरी शाळेच्या ताब्यात असेल तर पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो लेखी मागा. ‘विद्यार्थ्याला वाजवी उपयोग नसलेली धोकादायक वस्तू’ हा मुद्दा तरीही उरतो. तिथे तारा बसवणाऱ्या डॉक्टरचं, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टचं, पत्र आणि त्या दिवशीचं सफरचंद हेच तुमचं उत्तर.

सुनावणीची लेखी नोटीस किमान 10 दिवस आधी मिळायला हवी. डिस्ट्रिक्ट वापरणार असलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती मागता येतात, वकील नेता येतो, हजर साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, आणि केवळ ऐकीव पुराव्यावर मुलाला काढता येत नाही. तयारीला वेळ हवा असेल तर एकदा 30 दिवसांपर्यंत तारीख पुढे घेण्याचा हक्क आहे. निकाल विरुद्ध गेला तर 30 दिवसांत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शिक्षण बोर्डाकडे अपील करता येतं. आणि सस्पेन्शनच्या आधी मुलाला त्याची बाजू कुणी विचारली होती का? 1975 साली गॉस विरुद्ध लोपेझ या ओहायोच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 10 दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनसाठीही ते बंधनकारक ठरवलं. त्याला आठवतंय तसं, तारीख-वेळेसकट, त्याच्याकडून माझ्यासाठी लिहून घ्या. शाळेला देऊ नका.

व्हिसाची धास्ती समजते. शाळेची हकालपट्टी म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, आणि मुलाचा एच-4, म्हणजे एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा, शाळेच्या पटावर अवलंबून नसतो. पोलिसांनी नोंद केली असेल तर मात्र इमिग्रेशन वकिलाला लगेच दाखवा.

घरी बसलेल्या दिवसांचा गृहपाठ शाळेकडे लेखी मागा, तो द्यावा लागतो. त्या मुलीला मुलाने एकही मेसेज करू नये. आणि तुम्हीही पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या आईवडिलांची समजूत काढायला जाऊ नका. साक्षीदारावर दबाव आणला, असं त्याच संध्याकाळी लिहिलं जाईल.