कैदी पार्टीच्या पोलिसांना सुरक्षेचं वेगळं प्रशिक्षण असतं का, की बेडी घातली की झालं?

तुमचा भाऊ नुकताच भरती होऊन मुख्यालयात लागला, लगेच कैदी पार्टीची ड्युटी मिळाली, म्हणून तुम्ही हे विचारलंत. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा काळ ह्याच कामात गेला: कारागृहातून बंदी ताब्यात घ्यायचा, कोर्टात किंवा दवाखान्यात न्यायचा, परत आणून जमा करायचा. "बेडी घातली की झालं" हे शब्द वाचल्यावर राहवलं नाही. हेच शब्द मला भर वर्गात एका अधिकाऱ्यांनी ऐकवले होते आणि माझं उत्तर पुरं होऊ दिलं नव्हतं.

घडलं ते असं. घरफोडीच्या बऱ्याच गुन्ह्यांतला एक बंदी होता. गोड बोलायचा, सगळ्यांना मामा म्हणायचा, आवाज कधी चढवायचा नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टात त्याची तारीख होती. पार्टीचा इनचार्ज मी, सोबत दोन शिपाई, त्यातला एक मागच्या तारखेलाही त्याला घेऊन गेलेला. पुकारा व्हायच्या आधी ह्याच्या पोटात कळ आली. शिपाई म्हणाला, "मागच्या टायमालाही असंच झालं होतं, जिन्याखालच्या संडासात नेलं होतं." मी म्हटलं, आज वरच्या मजल्यावर न्यायचं. बंद्याचा चेहरा उतरला. "मामा, एवढं चढवणार नाही." म्हटलं, आम्ही दोघं धरून नेतो. अर्धा जिना चढेपर्यंत कळ थांबली.

त्याला दोघांच्या मध्ये बसवून मी खाली गेलो. संडासाच्या खिडकीचे दोन गज चौकटीतून सुटे करून नुसते टेकवून ठेवले होते, बोट लावलं की हलत होते. खिडकीखालच्या बोळात एक पोरगा मोटरसायकल चालू ठेवून बसला होता. खिडकीत खाकी दिसली आणि तो निघून गेला. मी कोर्टातल्या पोलिसांना तिथल्या तिथे दाखवलं, परतल्यावर डायरीत नोंद केली, कारागृहाला लेखी कळवलं. त्या दिवसाचा मला अभिमान आहे, आजही.

पळण्याचा बेत बहुतेक वेळा मागच्या तारखेलाच शिजलेला असतो. कोर्टाची तारीख सगळ्यांना माहीत, वेळ माहीत, रस्ता माहीत. त्यात पार्टीही दर वेळी त्याच हॉटेलवर थांबायला लागली, त्याच संडासात न्यायला लागली, तर बाहेरच्या साथीदाराचं निम्मं काम आपणच केलं. १४ मे २०२४ ला फ्रान्समध्ये ऐंकारव्हीलच्या टोलनाक्यावर हेच घडलं. कोर्टातून कैदी परत घेऊन येणारी गाडी नाक्यावर अडवून हत्यारबंद टोळीने दोन कारागृह अधिकाऱ्यांना ठार मारलं आणि कैदी सोडवून नेला. तो पुढच्या वर्षी रोमानियात सापडला. हल्ल्याला जागा कुठली निवडली, तर जिथे गाडीचा वेग कमी होणार हे नक्की ठाऊक होतं ती.

आता त्या वर्गाचं. उजळणी कोर्सला मी हा प्रसंग सांगितला. शिकवणारे साहेब म्हणाले, "बेडी असती तर विषयच नव्हता. बेडी घातली की झालं." साहेब, संडासात बेडीचा एक हात तरी मोकळा करावाच लागतो. आणि बेडी असती म्हणून खिडकीचे गज परत बसले नसते. बेडी हातात पडली की शिपायाचं लक्ष सैल होतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वाद घालायचीही इच्छा उरलेली नाही.

शिवाय कायदा. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सांगितलं की सरसकट बेड्या घालणं अमानुष आहे. पळून जाण्याचा खराखुरा धोका असेल तरच घाला, कारण लिहून ठेवा, कोर्टाला दाखवा. तो खटलाही एका न्यायाधीन बंद्याला तिहारमधून कोर्टात ने-आण करताना घातलेल्या बेड्यांवरूनच उभा राहिला होता. १९९५ च्या निकालाने बेडीआधी दंडाधिकाऱ्याची परवानगी घेणं बंधनकारक केलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ (३) मध्ये सराईत, आधी कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद अशा प्रकारांत अटक करताना आणि कोर्टात हजर करताना बेडी वापरता येते असं स्पष्ट आलं. म्हणजे मोकळीक वाढली, पण सरसकट परवाना मिळाला नाही. भावाला हे कलम स्वतः वाचायला सांगा, वरिष्ठांच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये.

आणि बेडी घालणं हेही शिकायचं काम आहे. डबल लॉक, म्हणजे बेडी आहे तिथेच अडकवून ठेवणारी दुसरी कळ, लावला नाही तर ती हालचालीने, दाबाने आवळत जाते, मनगटाची नस दबते, अंगठ्याकडचा भाग बधिर होतो. हात मागे बांधून माणसाला पालथं झोपवून ठेवलं तर श्वास कोंडून तो मरू शकतो. आवरला की ताबडतोब कुशीवर वळवा किंवा बसवा. हात बांधलेला माणूस गाडीने ब्रेक मारल्यावर स्वतःला सावरू शकत नाही, म्हणून त्याला पट्टा लावायचा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला फ्रेडी ग्रे पोलिसांच्या गाडीत हातपाय बांधलेला आणि पट्ट्याविना होता, त्याच्या मणक्याला जबर इजा झाली आणि तो दगावला.

हत्याराचंही तसंच. बंद्याचा दंड धरणाऱ्याकडे हत्यार नको, ते चार पावलं मागे चालणाऱ्याकडे हवं. कोर्टाच्या गर्दीत गोळी झाडता येत नाही, पण खांद्यावरून रायफल हिसकावता मात्र येते. गोळीबाराचा सराव वर्षानुवर्षे चालतो, हे साधं चालणं कोणी घोटून घेत नाही.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: आमच्या वेळी भरतीच्या प्रशिक्षणात परेड, हत्यारं आणि कायदा पोटभर, कैदी पार्टीवर जेमतेम एखादी तासिका. बाकी सगळं जुन्या माणसांकडून शिकलो. झडती प्रत्येक वेळी ताबा बदलला की नव्याने घ्यायची, कारागृहाने घेतली म्हणून सोडायची नाही. ज्या खोलीत नेणार ती आधी रिकामी पाहायची. वाटेत भेटलेल्या नातेवाइकाकडून काही हातात घेऊ द्यायचं नाही. महिला बंद्याची झडती महिला शिपाईच घेणार. हे शिकवायला मैदान लागत नाही, एक जिना, एक गाडी आणि बंद्याचं सोंग घेणारा एक शिपाई पुरतो. मी त्या वर्गात हेच मागत होतो.

माझा राग आणखी एका गोष्टीवर आहे. एका सहकाऱ्याच्या ताब्यातून दवाखान्यात बंदी पळाला. दोन माणसं, तीन बंदी, त्यातला एक सलाइनवर. सहकारी निलंबित झाला, वर निष्काळजीपणाचा गुन्हा. तेव्हा दंड संहितेचं कलम २२३ होतं, आता न्याय संहितेचं २६१, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. चौकशीत एवढ्या कमी मनुष्यबळावर त्याला पाठवलं कोणी, हे कोणी विचारलं नाही. वर्गातल्या त्या साहेबांना माझं म्हणणं आजही हेच आहे: शिकवलं नाही, माणसं दिली नाहीत, तर फक्त शिपायाला धरू नका.

एक सांगायला हवं. मी एकाच जिल्ह्यात नोकरी केली, तेव्हा दुसरीकडे चांगलं शिकवत असतील. कोठडीवाढ आता बरीचशी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते, त्यामुळे फेऱ्या कमी झाल्यात, तेही चांगलंच. आणि काही बंदी असे असतात की परवानगी घेऊन बेडी घालायलाच हवी. मीही घातली आहे.

भावाला एवढं सांगा: ड्युटीवर निघताना बंदी किती, माणसं किती आणि गाडी मिळाली की नाही हे डायरीत लिहूनच बाहेर पड. ड्युटी वाटणारे हजेरीमास्तर कुरकुरले तरी लिही.