वाचकांचे प्रश्न : परदेशात रेडिओ लावला, पण आपल्या आवडीचं काही लागेचना

मागच्या अंकात प्रवास आणि संगीत यावर प्रश्न मागवले होते तर निम्मी पत्रं रेडिओवरच आली, म्हणून यावेळी फक्त रेडिओ. काही पत्रं छोटी केली आहेत, आणि एकाच अर्थाचे तीन-चार प्रश्न एकत्र केलेत त्याबद्दल रागावू नका.

प्रश्न : अमेरिकेत भाड्याच्या गाडीने दोन आठवडे फिरलो. रोज स्कॅनचं बटण दाबून दाबून बोट दुखलं पण तीच ती गाजलेली पंधरावीस गाणी आणि मधे जाहिराती. मला जॅझ आवडतं. ज्या देशात जॅझ जन्मलं तिथेच ते रेडिओवर नाही का?

आहे हो, भरपूर आहे, पण तुम्ही ते शोधायचं काम बटणावर सोपवलंत. स्कॅनला संगीत कळत नाही, त्याला फक्त जोर कळतो. ज्याचा सिग्नल दणदणीत तिथे ते थांबतं, आणि दणदणीत सिग्नल बहुतेक वेळा मोठ्या कमर्शियल स्टेशनांचे असतात. लहानसं कॉलेजचं किंवा श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं स्टेशन मधे असलं तरी स्कॅन त्याच्या अंगावरून सरळ पुढे जातं. काही गाड्यांच्या सेटिंगमधे लोकल (जवळचं) आणि डीएक्स (लांबचं) असे दोन पर्याय असतात, त्यात लोकल लावलेलं असेल तर अजूनच कठीण, कारण तेव्हा फक्त जवळची जोरदार स्टेशनंच पकडली जातात. ते आधी डीएक्सवर करा.

मग हाताने डायलच्या डाव्या टोकाला जा. अमेरिकेत एफएमचा ८८.१ ते ९१.९ हा पट्टा बिगर-व्यावसायिक स्टेशनांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि आपल्यासारख्या लोकांचा खजिना तिथेच असतो. न्यूयॉर्कच्या बाजूला असाल तर नेवार्कचं डब्ल्यूबीजीओ ८८.३ वर जॅझ लावतं, न्यू ऑर्लिन्समधे डब्ल्यूडब्ल्यूओझेड ९०.७ वर आहे जिथे कार्यक्रम सादर करणारे स्वयंसेवक असतात आणि ते ऐकताना लगेच कळतं, म्हणजे माणूस रेकॉर्ड लावून स्वतःच खूश होतोय असं. सिअ‍ॅटलला केईएक्सपी ९०.३, लॉस एंजेलिसच्या बाजूला केसीआरडब्ल्यू ८९.९. सगळी डाव्या बाजूला. अपवाद असतातच, न्यूयॉर्कचं क्लासिकलवालं डब्ल्यूक्यूएक्सआर १०५.९ वर आहे आणि तेही श्रोत्यांच्याच पैशांवर चालतं, पण सुरुवात डावीकडून करा.

आणि अजून एक, ही स्टेशनं सकाळी नऊला ऐकून नापास करू नका. त्यातली बरीच सकाळी नुसत्या बातम्या आणि गप्पा लावतात आणि संगीत संध्याकाळनंतर सुरू होतं. मी स्वतः एका स्टेशनला चार दिवस बोलघेवडं म्हणून नावं ठेवत होते आणि पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला तिथेच एवढं सुंदर काहीतरी लागलं की मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावरही वीस मिनिटं गाडीतच बसून राहिले. स्टेशन शोधू नका, कार्यक्रम शोधा आणि त्याची वेळ शोधा. एकाच फ्रिक्वेन्सीवर दिवसभरात चार वेगळ्या आवडीची माणसं येऊन जातात. (वर्षातून काही दिवस ही स्टेशनं देणग्या मागत असतात, तेव्हा गाणं कमी आणि विनवण्या जास्त. तुमचा प्रवास नेमका त्या आठवड्यात पडला तर नशीब.)

गाडीत एचडी रेडिओ, म्हणजे अमेरिकेतला डिजिटल रेडिओ, असेल तर अजून एक खेळ आहे. एकाच फ्रिक्वेन्सीच्या मागे एचडी-२, एचडी-३ असे जादा चॅनल लपलेले असतात, मुख्य चॅनलवर बातम्या चालू असताना मागच्या चॅनलवर शांतपणे जॅझ किंवा क्लासिकल चालू असतं. स्टेशन लागल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, स्क्रीनवर एचडी दिसलं की ट्यूनिंगचं बटण एक घर पुढे.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा लाडका खिशातला रेडिओ घेऊन नॉर्वेला गेले होते. पूर्ण पट्टा फिरवला तर नुसती खरखर, एखाददुसरं स्टेशन. रेडिओ बिघडला की काय?

रेडिओ धडधाकट आहे ताई, तिथलं एफएमच गेलं. नॉर्वेने २०१७ मधे राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंद केलं, असं करणारा तो पहिलाच देश. तुम्हाला जे एखाददुसरं लागलं ती छोटी स्थानिक स्टेशनं. बाकी सगळं डीएबी प्लसवर, म्हणजे युरोपातल्या डिजिटल रेडिओवर गेलंय, आणि तिथे जॅझला वेगळं चॅनल, क्लासिकलला वेगळं चॅनल अशी चैन आहे, म्हणजे तुमचा रेडिओ जिथे मुका झाला तिथेच खरं तर आवडीचं सगळ्यात सोपं सापडतं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओनेही २०२४ च्या शेवटी एफएम बंद केलं. तिथली रेडिओ स्विस जॅझ आणि रेडिओ स्विस क्लासिक ही दोन नावं लिहून ठेवा, बडबड जवळजवळ नाहीच.

युरोपात वरचेवर जाणार असाल तर एक छोटा डीएबी प्लसवाला सेट घ्या. डीएबी प्लसचा सेट जुनं डीएबीही वाजवतो, उलट मात्र होत नाही, त्यामुळे कुणी जुना डीएबी सेट देत असेल तर नको म्हणा. आणि तो सेट अमेरिकेला नेऊन डीएबी शोधत बसू नका, तिथे ते नाहीच.

जपानचाही असाच प्रश्न आलाय म्हणून इथेच सांगते. बहुतेक देशांत एफएम ८७.५ ते १०८ असतं, जपानमधे ७६ ते ९५. म्हणजे आपल्या रेडिओचा डायल जिथे सुरू होतो तोपर्यंत त्यांची अर्ध्याहून जास्त मैफल उरकलेली असते. टोकियोत जे-वेव्ह ८१.३ वर, एनएचके एफएम ८२.५ वर, आपला साधा रेडिओ तिथवर पोचतच नाही. त्यापेक्षा फोनवर राडिको नावाचं अ‍ॅप वापरा, ते तुम्ही जपानमधे ज्या भागात आहात तिथली स्टेशनं फुकट ऐकवतं.

प्रश्न : युरोपात गाडी चालवताना छान संथ संगीत चालू असतं आणि मधेच एक बाई मोठ्या आवाजात काहीतरी घाईघाईने बोलतात, मग परत संगीत. कधीकधी तर स्टेशनच बदलल्यासारखं वाटतं. वेड लागायची पाळी.

त्या बाई रहदारीची सूचना देतायत. रेडिओवर टीए नावाचं बटण असतं ते चालू राहिलंय, भाड्याच्या गाडीत आधीच्या माणसाने चालू ठेवलेलं असतं. बंद करा. (रस्ता अनोळखी असेल आणि भाषा थोडी कळत असेल तर राहू दे, अपघाताची खबर व्हायोलिनपेक्षा महत्त्वाची.)

दुसरं, एएफ. हे मात्र चालू ठेवा. एकच राष्ट्रीय स्टेशन वेगवेगळ्या मनोऱ्यांवरून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर येतं, आणि एएफ चालू असेल तर गाडी पुढे जाईल तसा रेडिओ स्वतःच पुढची फ्रिक्वेन्सी पकडतो, तुम्हाला कळतही नाही. मधेच कार्यक्रम बदलतो तो बहुधा एखाद्या भागाच्या स्थानिक बातम्यांमुळे, तेव्हा आरईजी लावून बघा, म्हणजे रेडिओ एकाच भागाच्या कार्यक्रमाला धरून राहतो. अमेरिकेत हे सुख जवळजवळ नाही, तिथे शहर मागे पडलं की स्टेशनही मागे पडतं.

प्रश्न : भाषा कळत नाही तिथे हे स्टेशन आपलं आहे की नाही हे ओळखायचं कसं? स्क्रीनवर पॉप, जॅझ, रॉक असं लिहून येतं त्यावर विश्वास ठेवायचा का?

थोडाच. ते युरोपातल्या आरडीएसमधून, म्हणजे एफएमसोबत स्क्रीनसाठी पाठवल्या जाणाऱ्या माहितीतून येतं, पॉप, रॉक, लाइट क्लासिकल, सीरियस क्लासिकल, जॅझ, कंट्री, ओल्डीज, फोक असे प्रकार ठरलेले आहेत आणि त्यावरून शोधायची सोयही असते, पण अनेक स्टेशनं एकदा पॉप लिहून ठेवतात आणि चोवीस तास तेच दिसतं. अमेरिकेची यादी अजून वेगळी.

माझी पद्धत म्हणजे गाणं संपल्यावर काय होतं ते ऐकायचं. गाण्याच्या शेवटच्या सुरावर जाहिरात आदळली तर पुढे चला. पण निवेदकाने दोन सेकंद शांतता जाऊ दिली आणि मग सावकाश दोन-तीन नावं घेतली, म्हणजे वाजवणारा कोण, रचना कुणाची, साल कुठलं, तर थांबा. भाषा कळली नाही तरी माणसांची नावं कानाला कळतातच, आणि जो नावं घेतो त्याने ते गाणं निवडून लावलंय, यंत्राने नाही.

पॅरिसमधल्या एका खोलीत उशाशी घड्याळवाला रेडिओ होता, लाल आकडेवाला, मागे एक केसासारखी बारीक वायर. १०५.१ लावलं तर खरखर. वायर पलंगाखालून ओढून खिडकीच्या कडीला गुंडाळली आणि खरखरीतून आधी चेलो बाहेर आला, तो संपला तसं काहीही न बोलता आफ्रिकेतली कुठलीशी गिटार, मग एक जुनं फ्रेंच गाणं, आणि मग एक बाई अगदी कानाशी कुजबुजल्यासारखं तीन वाक्यं बोलून गेल्या. ते फिप नावाचं स्टेशन. १९७१ पासून चालू आहे आणि एका प्रकारावरून दुसऱ्यावर असं घरंगळत नेतात की जोड कुठे आहे तेच कळत नाही. ज्यांना आपली आवड एका शब्दात सांगता येत नाही त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. नुसतं जॅझच हवं असेल तर पॅरिसमधे ८९.९ वर टीएसएफ जॅझ, क्लासिकलला ९१.७ वर फ्रान्स म्युझिक.

कुणीतरी विचारलंय की फ्रान्समधे पॉपच्या स्टेशनवरही सारखी फ्रेंचच गाणी का. कायदा आहे. १९९६ पासून लोकप्रिय गाण्यांमधे ४० टक्के फ्रेंच भाषेतली हवीत असा नियम आला, काही स्टेशनांना त्यात सवलत मिळते. कॅनडातही कॅनडियन संगीताचा असाच वाटा ठरलेला आहे. मला तर हे प्रवाशाच्या फायद्याचंच वाटतं, नाहीतर सगळीकडे तीच पंधरावीस गाणी, पहिला प्रश्न परत वाचा.

प्रश्न : एवढं सगळं कशाला, अ‍ॅप आहेत ना?

आहेत, आणि मीही वापरते, पण जायच्या आधी. रेडिओ गार्डनवर पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर नेला की त्या गावचं स्टेशन लागतं, अ‍ॅमस्टरडॅमच्या मंडळींनी २०१६ मधे सुरू केलं. निघायच्या पंधरा दिवस आधी तुम्ही जाणार त्या गावांवर रोज थोडं थोडं फिरा. घड्याळाचं गणित मात्र करा, तुम्ही संध्याकाळी ऐकताय तेव्हा तिथे सकाळ असेल आणि सकाळचा कार्यक्रम ऐकून तुम्ही रात्रीच्या कार्यक्रमाला मुकाल. आवडलं की स्टेशनच्या वेबसाइटवर कार्यक्रमाचं वेळापत्रक बघायचं, फ्रिक्वेन्सी आणि वेळ कागदावर, हो कागदावर. गाडी चालवताना फोन बघायचा नाही.

तिथे गेल्यावर स्ट्रीमिंग करायचं तर १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी डेटा जातो, दहा तासांना पाऊण जीबीच्या आतच, म्हणजे फार नाही. पण डोंगरात नेटवर्क जातं तेव्हा एफएम बहुतेक वेळा बिचारं चालू असतं. शिवाय काही स्ट्रीम देशाबाहेर बंद असतात, घरी ऐकता येत नव्हतं ते तिथे पोचल्यावर उघडतं, तेव्हा आधी नाही लागलं म्हणून यादीतून खोडू नका. फोनमधेच एफएम आहे का असं तिघांनी विचारलंय. आयफोनमधे नाही. काही अँड्रॉइडमधे असतं, पण वायरवाला हेडफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेना होते.

प्रश्न : रात्री लांबच्या हायवेवर एएमवर शेकडो मैलांवरचं स्टेशन लागलं, दिवसा तिथे काहीच नव्हतं. भास?

भास नाही. दिवसा वातावरणाचा एक थर एएमच्या, म्हणजे मध्यम, लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांब उतरतात. आपला डिजिटल रेडिओ घेऊन जात असाल तर एएमची पायरी, म्हणजे एका खटक्यात फ्रिक्वेन्सी किती सरकते ते तपासा, अमेरिका खंडांत १० किलोहर्ट्झ आणि बाकीकडे ९, चुकीच्या पायरीवर बहुतेक स्टेशनं जरा बाजूलाच राहतात. सेटिंग कधी बॅटरीच्या झाकणाखाली छोट्या खटक्यात असतं.

प्रश्न : नवऱ्याला कंट्री हवं, मला क्लासिकल. गाडी एक, रेडिओ एक.

जो चालवेल त्याचं स्टेशन. आणि तुम्ही ब्रिटनमधे असाल तर रात्रीची पाळी तुम्ही मागून घ्या. बीबीसी रेडिओ थ्री हे क्लासिकलचं स्टेशन तिथे ९० ते ९३ च्या मधे कुठेही लागतं, आणि मध्यरात्रीनंतर युरोपातल्या वेगवेगळ्या रेडिओंनी रेकॉर्ड केलेल्या मैफली तासन्‌तास चालू असतात. तोवर ते मागच्या सीटवर झोपलेले असतील.