एका खटक्याला आकडा तीनने का पळतो?

प्रश्न : आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला पाच पिनांचं रोटरी एन्कोडर मोड्यूल (खटक्याखटक्याने फिरणारा नॉब) जोडलंय, आकडा ओलेड स्क्रीनवर दाखवतोय. ए चॅनेल पिन २ वर, बी पिन ३ वर. ए च्या फॉलिंग एजला (हायवरून लो होण्याच्या क्षणाला) इंटरप्ट (चालू काम थांबवून लगेच चालणारा कोड) लावलाय आणि त्यात बी हाय असेल तर एक वाढवतो, लो असेल तर एक कमी करतो. पण हळू फिरवलं तरी एका खटक्याला आकडा कधी २ ने तर कधी ३ ने वाढतो, आणि वाईट म्हणजे पुढे फिरवत असताना मधेच १ ने मागे येतो. इंटरप्टमध्ये ५ मिलिसेकंदांचा डिले टाकला, एन्कोडरसुद्धा बदलून बघितला. काय चुकतंय?

उत्तर : एन्कोडर बदलूनही फरक पडला नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण त्यावरूनच कळतं की भानगड मोजायच्या पद्धतीत आहे. इंटरनेटवर जो पहिला कोड सापडतो तो बहुतेक वेळा हाच असतो, आणि तो कागदावर अगदी बरोबर दिसतो.

आत काय चाललंय ते बघा. नॉबच्या आत धातूच्या पट्ट्या घासत फिरतात, त्यामुळे कॉन्टॅक्ट एका झटक्यात लागत किंवा सुटत नाही, एक-दोन मिलिसेकंद थरथरतो, यालाच बाउन्स म्हणतात. खटक्यावर नॉब थांबलेला असतो तेव्हा ए आणि बी दोन्ही हाय, म्हणजे ११. पुढे फिरवलं की आधी ए खाली जातो (०१), मग बी खाली जातो (००), मग ए वर येतो (१०), मग बी वर येतो आणि परत ११. एका खटक्यात असे चार बदल. आता तुमच्या कोडचं काय होतं? ए खाली जाताना थरथरला की फॉलिंग एज एकाऐवजी तीन वेळा येते आणि बी अजून हायच असतो, म्हणून +३. हे तुम्हाला बहुतेक कळलंच असेल. पण मागे का जातो त्याचं उत्तर तिसऱ्या पायरीत आहे : ए *वर येताना* पण थरथरतो, आणि त्या थरथरीत एखादी खोटी फॉलिंग एज असतेच, त्या क्षणी बी लो असतो, म्हणून तुमचा कोड प्रामाणिकपणे १ कमी करतो. म्हणजे नॉब पुढे जातोय आणि कोड उलटं मोजतोय, तेही कुठलीही वायर ढिली नसताना.

डिलेचं म्हणाल तर तो इंटरप्टच्या आत टाकूच नका. उनोवर डिलेची वेळ जो टायमर मोजतो तो स्वतः इंटरप्टवर चालतो, आणि एका इंटरप्टच्या आत असताना बाकीचे बंद असतात, त्यामुळे तिथे डिले किती चालेल याचा काही भरवसा नाही.

मग करायचं काय? बाउन्सशी भांडायचं सोडून द्या, त्याला आपोआप कटू द्या. एज मोजायची नाही, ए आणि बी ची जोडी बघायची. जुनी जोडी आणि नवी जोडी मिळून ४ बिट होतात, म्हणजे १६ शक्यता, त्यांचा एक छोटा तक्ता ठेवायचा : ०, -१, १, ०, १, ०, ०, -१, -१, ०, ०, १, ०, १, -१, ०. ए ला वरचा बिट धरा, जुनी जोडी गुणिले ४ अधिक नवी जोडी हा तक्त्यातला क्रमांक, ० पासून मोजायचा. तुमच्या थरथरीवर लावून बघा : ११ वरून ०१ झालं तर क्रमांक १३, तिथे +१. थरथरून परत ११ झालं तर क्रमांक ७, तिथे -१. पुन्हा ०१, पुन्हा +१. बेरीज १ च. कितीही थरथरू दे, शेवटी एक पायरी म्हणजे एकच पायरी, आणि हे चालतं ते एका वेळी एकच बिट बदलतो म्हणून. हाच ग्रे कोड, बेल लॅबच्या फ्रँक ग्रे यांच्या नावावरून, त्यांचं पेटंट १९५३ सालचं. मला स्वतःला हा तक्ता अजूनही सुंदर वाटतो, सोळा आकड्यांत सगळं काम होतं आणि एकही डिले लागत नाही.

हा तक्ता वाचायचा कुठे, तर मेन लूपमध्ये नाही, कारण स्क्रीन रंगवायचं काम तिथेच चालतं. १२८ बाय ६४ ची ओलेड पूर्ण रंगवायला १०२४ बाइट जातात, ४०० किलोहर्ट्झला नुसता डेटा पाठवायलाच २३ मिलिसेकंद लागतात, आणि जोरात फिरवताना, समजा सेकंदाला पाच फेरे, २० खटक्यांच्या नॉबचा एकेक बदल अडीच मिलिसेकंदांत येतो. स्क्रीन रंगेपर्यंत दोन खटके गेले. म्हणून टायमर इंटरप्ट लावा, दर १ मिलिसेकंदाला. टायमर २, प्रीस्केलर (घड्याळाला भागायचा आकडा) ६४, कंपेअर व्हॅल्यू (० पासून जिथवर मोजायचं तो आकडा) २४९, १६ मेगाहर्ट्झला बरोबर १ मिलिसेकंद होतो. (यामुळे टोन फंक्शन आणि पिन ३ व ११ चा पीडब्ल्यूएम जातो, ते वापरत असाल तर टायमर १ घ्या.) आत फक्त दोन पिना वाचायच्या, तक्ता बघायचा, बेरीज करायची, बाहेर पडायचं.

बेरजेला थेट ४ ने भागू नका, मधे एखादी पायरी हुकली की पुढचे सगळे खटके अर्धवट वाटायला लागतात. त्यापेक्षा जोडी ११ वर परत आली की बेरीज बघा, २ किंवा जास्त असेल तर एक खटका पुढे, -२ किंवा कमी असेल तर एक मागे, आणि बेरीज शून्य करा, म्हणजे हुकलं तरी पुढच्या खटक्याला गाडी रुळावर येते. काही एन्कोडर मात्र एका खटक्याला ११ वर आणि पुढच्याला ०० वर थांबतात, त्यामुळे आधी एकेक खटका फिरवून थांबलेल्या पिना प्रिंट करून बघा, तसं असेल तर ०० वर पण हाच हिशेब करा.

आणि मोजणीचा व्हेरिएबल व्होलटाइल (दर वेळी मेमरीतून ताजा वाचला जाणारा) हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. उनोवर इंट दोन बाइटचा असतो आणि प्रोसेसर एकेक बाइट वाचतो. २५५ चा खालचा बाइट वाचला, तेवढ्यात इंटरप्ट आला, आकडा २५६ झाला, मग वरचा बाइट वाचला, की तुम्हाला ५११ दिसतो. असलं दिवसातून एकदा होतं आणि माणूस आठवडाभर शोधत बसतो. वाचण्याआधी इंटरप्ट बंद करा, आकडा दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, लगेच चालू करा.

एक जोडणीचं बघून घ्या : मोड्यूलची प्लस पिन खरंच ५ व्होल्टला लागलीय ना? ती सुटी असेल तर त्यावरचे दोन १० किलोओमचे पुल-अप (पिन हाय ठेवणारे रेझिस्टर) ए आणि बी ला एकमेकांनाच जोडून ठेवतात.

प्रश्न : तसाच कोड मी मोटरवर ६०० पल्सच्या ऑप्टिकल एन्कोडरला वापरतोय. हाताने फिरवला तर एका फेऱ्याला बरोबर २४०० (६०० गुणिले ४ बदल) येतात, पण १५०० आरपीएमला आकडे गळतात.

उत्तर : १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे, गुणिले २४००, म्हणजे ६०,००० बदल, एकेकाला साधारण १७ मायक्रोसेकंद. १ मिलिसेकंदाचा टायमर इथे उपयोगाचा नाहीच, आणि पिन इंटरप्ट लावून डिजिटलरीडने दोन पिना वाचल्यात तरी अर्ध्याहून जास्त वेळ त्यातच जाईल. कोड घासत बसण्यापेक्षा हे काम हार्डवेअरला द्या. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतो, ईएसपी३२ मध्ये पल्स काउंटर असतो, दोन्हीकडे मोजायला प्रोसेसर लागत नाही. एसटीएम३२ चा १६ बिटचा काउंटर ६५,५३६ ला गुंडाळतो, तुमच्या स्पीडला म्हणजे साधारण दर सेकंदाला एकदा, म्हणून दर १० मिलिसेकंदांनी वाचा, मागच्या आकड्याशी वजाबाकी साइन्ड १६ बिटमध्ये करा आणि ती ३२ बिटच्या बेरजेत टाका.

असे एन्कोडर बरेचदा ओपन कलेक्टर असतात (आउटपुट फक्त लो करतात, हाय स्वतः करत नाहीत), तुमचा तसा असेल तर पुल-अप बाहेरून द्या, २.२ ते ४.७ किलोओम, आणि कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर ३.३ लाच. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ पिनांना आत पुल-अप नसतोच.

प्रश्न : सगळं नीट चालतं पण दिशा उलटी आहे.

उत्तर : ए आणि बी च्या वायर अदलाबदल करा, किंवा कोडमध्ये दोन पिन नंबर आपसांत बदला.