शंका-समाधान: ओसाड जमिनीवर रोबोट

प्रश्न : कडक पापुद्रा धरलेल्या ओसाड जमिनीवर ड्रोनने बिया टाकल्या, पण उगवण जवळजवळ शून्य. आता खड्डे खणणारा छोटा रोबोट बनवायचा आहे. कसा असावा?

पापुद्र्यावर पडलेलं बी उन्हात वाळतं, नाहीतर मुंग्या उचलून नेतात. त्यामुळे आधी खड्ड्यात पाणी अडवायचं, बी नंतर; खड्डे खणण्याचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यातले पाणी अडवणारे 4 मीटर व्यासाचे अर्धचंद्राकृती खड्डे (अर्धचंद्र) मात्र छोट्या यंत्राला झेपणार नाहीत, कारण एकेका अर्धचंद्रातून टनभर माती निघते. ते यंत्राने खणायचे तर ट्रॅक्टरच हवा. तिथलेच ‘झाई’ नावाचे छोटे गोल खड्डे निवडा : 30 सेंमी रुंद, 20 सेंमी खोल. एका खड्ड्यातून साधारण 14 लिटर, म्हणजे वीसेक किलो माती निघते. मीटर-मीटरवर खणले तर हेक्टरी 10,000 खड्डे होतात.

खरी अडचण ऑगरची, म्हणजे माती खणणाऱ्या फिरत्या स्क्रूसारख्या पात्याची. यंत्र हलकं असेल तर ऑगर खाली जात नाही, यंत्रच वर उचललं जातं. एकदम 30 सेंमीचा ऑगर लावू नका. आधी 10 सेंमीचं भोक पाडा, मग दात्यांनी कडा ढासळवा. मोटरचा करंट उसळला की दोन फेरे उलटे फिरवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये असू द्या. ओल्या चिकणमातीत ऑगर भिंती लिंपून गुळगुळीत करतो आणि पाणी मुरत नाही, म्हणून खणणं पावसाआधी, कोरड्यातच उरका. ऑगर माती चहूबाजूंनी उडवतो. ती उताराच्या खालच्या बाजूला ओढणारं पातं नसेल तर वरून येणारं पाणी त्याच मातीला अडून खड्डा चुकवतं. तळाशी दोन-तीन मुठी कुजलेलं खत टाकाच.

चाकं घसरतात, त्यामुळे चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजू नका. आरटीके जीपीएस, म्हणजे काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारं जीपीएस, वापरा. समपातळी रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) आधीच आखून रोबोटच्या नकाशात भरा, म्हणजे खड्डे त्यांच्यावर येतील. लिथियम-आयन बॅटरी 45 अंशांवर तापलेली असताना चार्ज करू नका. कंट्रोलरला (मोटर चालवणाऱ्या सर्किटला) पंखा नको, तो धूळ आत ओढतो. बंद पेटी आणि बाहेर उष्णता सोडणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवा.

प्रश्न : हाच रोबोट वाळूच्या टेकड्यांवर चालेल का?

नाही. सरकत्या वाळूत खड्डे लगेच बुजतात. तिथे आधी वारा अडवावा लागतो. चीनमध्ये शापोतोउ इथे रेल्वेमार्ग वाचवण्यासाठी 1950च्या दशकापासून काडाचे (वाळलेल्या पिकाच्या काड्यांचे) 1 मीटरचे चौकोन वाळूत रोवले गेले. त्यासाठी चाकांऐवजी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं आणि काड मधोमध दाबून उभं करणारं यंत्र हवं. काड निम्मं तरी वाळूत गेलं पाहिजे. वरवर रोवलेलं पहिल्याच वादळात उडतं.