शिवलेली होडी गळत नाही का?

प्रश्न : लक्षद्वीपच्या जुन्या लाकडी नावा खिळ्यांऐवजी काथ्याने शिवत असत, असं वाचलं. मग भोकांतून पाणी शिरत नसे का?

उत्तर : शिरत असे, पण थोडं. शेजारशेजारच्या दोन फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोकं पाडतात. सांध्यावर आतून नारळाच्या सोडणाची जाड वळकटी ठेवतात आणि तिच्यावरून काथ्याचा दोर ओढून आवळतात. मग प्रत्येक भोक सोडण कोंबून बुजवायचं. खरी कसोटी या बुजवण्यात असते. ते सैल राहिलं की गळती तिथूनच. वरून माशाचं तेल चोपडतात.

काथ्याही वाटेल तो चालत नाही. नारळाची सोडणं कित्येक महिने खाऱ्या पाण्यात कुजवून, बडवून तंतू काढतात. असा दोर समुद्राच्या पाण्यात टिकतो. लोखंडी खिळा मात्र गंजतो आणि भोवतालचं लाकूडही खातो.

खिळे टाळण्याचं दुसरं कारण प्रवाळाचं. खिळ्यांनी ताठ जखडलेली नाव खडकावर आदळली की फुटते, शिवलेली थोडी लवते. शेजारच्या मालदीवमध्ये १४ व्या शतकात राहिलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानेही हेच कारण नोंदवलं आहे. समुद्रातले चुंबकाचे डोंगर खिळे ओढून घेतात, ही निव्वळ दंतकथा.

नाव फार दिवस किनाऱ्यावर उन्हात राहिली, तर फळ्या आक्रसून सांधे उघडतात. पाण्यात उतरवल्यावर लाकूड फुगेपर्यंत उपसा करावाच लागतो. टाके झिजले, की उसवून नव्याने शिवायचे. फळ्या मात्र त्याच राहतात.