मुदत ठेव मोडून बारा तारांची गिटार घ्यावी का?

प्रश्न: वय ४७, नोकरी. कॉलेजपासून सहा तारांची गिटार वाजवतो. रिकनबॅकर कंपनीची ट्वेल्व्ह-स्ट्रिंग (बारा तारांची) इलेक्ट्रिक घ्यायचं पंचवीस वर्षांपासून मनात आहे. किंमत माझ्या हातात येणाऱ्या दोन पगारांएवढी. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाची मुदत ठेव आहे. ती मोडू, की दुकानाच्या विनाव्याज हप्त्यांवर घेऊ? या गिटारींची किंमत वाढत जाते म्हणतात, मग ही गुंतवणूकच झाली ना? अशी गिटार वाजवणाऱ्यांचा एक गट दर महिन्याला भेटतो, गिटार आली की त्यात जाईन. घरखर्च पगाराच्या ७० टक्के (गृहकर्जाचा हप्ता धरून), निवृत्तीसाठी २० टक्के, उरलेले १० टक्के असेच जातात. बायकोला अजून काही बोललेलो नाही.

उत्तर: गिटार घ्या. पण ठेव मोडून नको, हप्त्यांवर नको, आणि त्या गटात जाण्याआधी तर नकोच.

गुंतवणुकीचा मुद्दा आधी निकालात काढतो. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकरची बारा तारांची ३६०/१२ आली आणि तो किणकिणता आवाज घराघरांत पोचला. पाठोपाठ बर्ड्स या अमेरिकी बँडच्या रॉजर मॅग्विननं त्याच गिटारवर आपल्या बँडची ओळख उभी केली. संग्राहक ज्यांच्यासाठी मोठ्या रकमा मोजतात त्या प्रामुख्यानं त्या काळातल्या मूळ गिटारी. तुम्ही घेणार ती आजची, नवी. दुकानाबाहेर पडताच ती सेकंडहँड होते. पुढे भाव आला तरी विकताना गिऱ्हाईक शोधणं, पाठवणी, दलाली हे सगळं त्यातून वजा होतं. शिवाय पंचवीस वर्षं वाट पाहून घेतलेली गिटार तुम्ही विकणार आहात का? विकायचीच नसेल, तर वाढलेली किंमत तुमच्या निवृत्तीच्या एकाही महिन्याला पुरणार नाही. हा हौसेचा खर्च आहे, आणि हौसेचा म्हणूनच तो मला पटतो. गुंतवणुकीचं नाव दिलंत की मर्यादा सैल होतात, म्हणून ते नाव नको एवढंच.

आता ठेव. दोन पगार म्हणजे तुमचा जवळपास तीन महिन्यांचा घरखर्च. ठेव मोडलीत तर सहा महिन्यांचा आधार तीनवर येतो, तोही सत्तेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर गृहकर्ज असताना. या वयात नोकरी गेली तर दुसरी मिळायला वेळ लागतो. त्या तीन महिन्यांत पहिली विकायला निघेल ती हीच गिटार, आणि घाईत विकलेल्या वाद्याला नीट किंमत येत नाही. विनाव्याज हप्त्यांबद्दल दुकानदाराला एकच विचारा: सगळे पैसे आज दिले तर किती कमी करणार? बहुतेक वेळा व्याज त्या न मिळालेल्या सवलतीत आणि प्रक्रिया शुल्कात दडलेलं असतं.

तुमचे उरलेले १० टक्के ‘असेच जातात’, तिथे गिटार आहे. वेगळं खातं उघडा आणि पगाराच्या दिवशीच ते तिकडे वळवा. नुसत्या त्यावर दोन पगार जमायला २० महिने लागतील. बोनस मिळत असेल आणि त्यातून अर्धा पगार या खात्यात आला, तर १५. निवृत्तीच्या २० टक्क्यांना हात लावू नका.

हे १५-२० महिने मोकळे घालवायचे नाहीत. गटात आत्ताच जा, सहा तारांची घेऊन. मंडळींच्या हातात वेगवेगळ्या गिटारी असतील, त्यातली एखादी मागून घेऊन तासभर वाजवा. दुकानातली पाच मिनिटं पुरत नाहीत. रिकनबॅकरची मान अरुंद असते आणि तेवढ्यात तारांच्या सहा जोड्या बसवलेल्या असतात. जाड बोटांच्या माणसाला शेजारची तार दाबली न जाता साधा डी कॉर्डसुद्धा जड जातो. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक तार सप्तकभर वरची, वरच्या सुरांच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात. बहुतेक ट्वेल्व्ह-स्ट्रिंगवर खाली येणाऱ्या स्ट्रोकला आधी बारीक तार लागते, रिकनबॅकरवर जाड. तुमच्या कानातला तो आवाज काही अंशी या क्रमाचा आहे, आणि बराचसा काँप्रेसरचा (आवाजातला लहानमोठेपणा सारखा करणारं उपकरण). हे कळल्यावर तुम्हाला रिकनबॅकरच हवी असेल तर ती घ्या, मी अडवणार नाही. पण एखाद्याच्या फेंडर किंवा डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या ट्वेल्व्ह-स्ट्रिंगवर, योग्य पेडल (आवाज बदलणारं पायाचं उपकरण) लावून, तुमचं समाधान झालं तर कितीतरी कमी पैशांत काम होईल. आवाज हवाय की तीच गिटार हवी आहे, हे तुम्हाला स्वतःला कळायला हवं. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, पण त्यांच्या किमती फार वेगळ्या आहेत.

‘तोवर एखादी स्वस्तातली घेऊन ठेवतो’ असं मात्र करू नका. मन रिकनबॅकरवर असेल तर स्वस्तातली काही महिन्यांत कोपऱ्यात जाते आणि खर्च दोनदा होतो. चांगली सेकंडहँड मिळाली तर जरूर पाहा. मान सरळ आहे का, ट्रस रॉड (मानेच्या आतली, ती सरळ ठेवणारी सळई) काम करतो का, हे गटातला जाणकार तुमच्यासोबत येऊन पाहील. असा माणूस दुकानात भेटत नाही.

किमतीच्या आणखी १५ टक्के वर धरा. कडक केस, चांगल्या कारागिराकडून सेटअप (बारा खाचा आणि बारा तारा, म्हणजे वेळ जास्त), ट्यूनर, काँप्रेसर आणि तारा. वरच्या सप्तकातल्या ‘जी’ (G) सुराची तार सेटमधली सगळ्यात बारीक असते, तुटते ती बहुधा हीच. ती सुटी घेऊन ठेवा, दर वेळी पूर्ण सेट लागणार नाही. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क, वाहतूक आणि वाटेतला विमा धरूनच किंमत मोजा.

गटाचा एक धोकाही आहे, आणि तो गिटारपेक्षा मोठा ठरू शकतो. दर महिन्याला कुणाकडे तरी नवं पेडल, नवा अँप असतो. ऐकून घरी येताना आपल्यालाही ते हवंसं वाटतं, त्यात गैर काहीच नाही. पण गिटार एकदाच घ्यायची असते, या खरेद्या थांबत नाहीत. म्हणून गटासाठी महिन्याची एक रक्कम ठरवा: येणंजाणं, वर्गणी, तारा सगळं त्यात. भेटीत आवडलेली वस्तू पुढच्या भेटीपर्यंत घ्यायची नाही. महिन्यानंतरही हवी वाटली तर त्याच रकमेतून साठवून घ्या.

पत्नीशी या आठवड्यात बोला. गिटार आल्यावर नाही, खातं उघडण्याआधी. तुमचे १० टक्के घरात कुठे जातात हे कदाचित त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल. त्यातले काही मुलांच्या फीला किंवा औषधांना जात असतील, तर १५ महिन्यांचे २४ होतील आणि ते आधी कळलेलं बरं. त्यांचंही असंच मागे पडलेलं काही असेल तर विचारा आणि त्याच खात्यात त्याचाही वाटा ठेवा. दरम्यान नोकरीत काही हललं, तर जमलेली रक्कम आधी ठेवीला जोडायची, हेही दोघांनी आत्ताच ठरवून टाका. गटात जाणं तेव्हाही सोडू नका.