पगडी विकत घ्या, अंगरखा शिवा

तुम्ही पाच जण इंदूरच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत होळकरी शिलेदार होणार आहात. वेषाच्या दुकानातून तयार सेट घ्यावेत की सगळं घरी करावं, असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे. सेट म्हणून विचारच करू नका. एकेक वस्तू वेगळी काढा आणि बघा की ती अंगावर नेमकी मापात बसायला हवी का. हवी असेल तर शिवा किंवा शिवून घ्या. नसेल तर जो कारागीर तेच काम आयुष्यभर करतोय त्याच्याकडून घ्या.

आधी अंगरखा, कारण वेष उभा राहतो तो त्याच्यावर. तयार सेटमधला अंगरखा बहुधा चकचकीत साटीनचा, फ्री साइज आणि साध्या कुर्त्याच्या बेतावर कापलेला असतो. उभं राहून फोटो काढायला चालतो. पण भगवा झेंडा वर धरायला हात उचललात की कमरेपासूनचा सगळा घेर हाताबरोबर वर चढतो. जुन्या बेतात काखेत चौबगला असतो, म्हणजे एक छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवलेला. त्यामुळे हात पूर्ण वर गेला तरी कंबर जागची हलत नाही. दुकानातल्या सेटमध्ये मला चौबगला क्वचितच दिसतो, आणि तीन तास चालायचं असेल तर खरा फरक तिथेच पडतो. शिंप्याकडे देत असाल तर चौबगला आणि कळ्या (घेरासाठी जोडलेले त्रिकोणी तुकडे) दोन्ही कागदावर काढून द्या, नुसतं तोंडी सांगू नका.

कापड सुतीच घ्या. चैत्रातल्या दुपारी राजवाड्याच्या चौकात उभं राहायचंय, पॉलिएस्टरमध्ये जीव नकोसा होईल. एमटी क्लॉथ मार्केटात पाच जणांचं कापड एकाच थानातून घेतलंत तर भावही बरा मिळतो आणि रंगही एक राहतो. गुडघ्याखालचा घेरदार अंगरखा असेल तर माणशी पाच-सहा मीटर धरा. कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या आखूड होतील. पाचही जणांना अंगरखा शिवणं जड जात असेल तर तो फक्त पुढाऱ्याला ठेवा आणि बाकी चौघांना बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, शिवा. ती आखूड असते, कापड कमी लागतं, आणि नवशिक्यालाही जमते. शिपाईगड्याला ती शोभतेही.

शेला मात्र विकत घ्या. महेश्वर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, आणि होळकरी वेषावर तिथलंच वस्त्र असावं असं मला मनापासून वाटतं. रेशमी ताणा, सुती बाणा, म्हणून ते हलकंही असतं. पाच शेले परवडत नसतील तर एकच घ्या आणि पुढाऱ्याच्या कमरेला बांधा. छापील काठाची नक्कल चार पावलांवरून ओळखू येते.

पगडी घरी करायच्या फंदात पडू नका. ती एकदा बांधून कायमची बसवलेली असते. साचा, पट्टीची घट्ट वळणं, पुढचा आकार हे सगळं हातात मुरलेलं काम आहे. डोक्याचं माप कानांच्या किंचित वरून आणि कपाळावरून घ्या आणि ते देऊनच बांधून घ्या. होळकरी आणि शिंदेशाही पगडीचा आकार वेगळा असतो. दुकानदार 'मराठा पगडी' म्हणून काहीही पुढे करतो, तेव्हा जुन्या चित्राचा फोटो सोबत न्या. इथेही पुढाऱ्यालाच पगडी द्या, बाकीच्यांना फेटा. आठ-नऊ मीटरचा फेटा बांधायला कुठल्याही शिकवणाऱ्याकडून दोन संध्याकाळींत शिकता येतो.

ढाल घरी करा, त्यात फार आनंद आहे. हलवायाची मोठी, उथळ कढई पालथी घाला आणि तिच्यावर प्लास्टिक पसरा. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेविकॉलच्या पाण्यात बुडवून थरावर थर चढवा. दर दोन-तीन थरांनंतर पूर्ण वाळू द्या, घाई केली की आत ओल राहते आणि ढाल वाकते. नंतर पॉलिश पेपर मारा आणि काळपट तपकिरी रंग द्या. जुन्या ढाली बऱ्याचदा कातड्याच्या असत, त्यामुळे चंदेरी करायची गरज नाही. समोरच्या चार फुल्यांसाठी सियागंजात कपाटाच्या पितळी गोल मुठी मिळतात. त्यांचे स्क्रू आत आले की त्यांवरच पकडायचे पट्टे अडकतात.

चिलखत बहुतेकांना हवंसं वाटतं. पोलादी कड्यांचं पूर्ण चिलखत दहा किलोच्या आसपास जातं, आणि मराठी घोडदळाचा भर हलकेपणावर होता, त्यामुळे माझा सल्ला ते वगळण्याचा आहे. अगदीच हवं असेल तर नाटकवाल्यांची जुनी युक्ती वापरा: जाड सुतळी मोठ्या सुयांवर सैल विणायची आणि वरून चंदेरी रंग कोरड्या ब्रशने घासायचा. घरात विणणारी आजी असेल तर तिला या कामात आवर्जून घ्या.

हातावरच्या दस्तान्यांना पाच-सहा मिलिमीटरचा ईव्हीए फोम (रबरासारखा हलका फोम) पुरतो. हीट गनने पृष्ठभाग तापवला की छिद्रं मिटतात आणि रंग कमी शोषला जातो. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८: दोन्ही बाजूंना लावा, हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबा. खिडक्या उघड्या ठेवा. तयार दस्ताने उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, सांधे सुटतात. ३डी प्रिंट करून घ्यायचा विचार असेल तरी हेच लक्षात ठेवा, पीएलए हे त्यातलं नेहमीचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं.

मोजड्या विकत, आणि महिनाभर आधी, म्हणजे पायाला सवय होते.

तलवार लाकडीच असू द्या. धातूची धारदार तलवार शस्त्र कायदा, १९५९ च्या नियमांत येते. मिरवणुकीत धातूची तलवार घेऊन गेलात तर अडचण तुमची एकट्याची राहत नाही, ती आयोजकांवरही येते. सागाची फळी सुताराकडून कापून घ्या आणि मुठीवर सुती दोरी गुंडाळा.

खर्चाचं म्हणाल, तर घरी करताना पैसा जातो तो अवजारांत आणि पहिल्या बिघडलेल्या नगात. पाच जणांत एक हीट गन, एक साचा, एक कढई पुरते, म्हणून तुम्हाला घरी करणं परवडेल. एकट्याने एका दिवसापुरता वेष करायचा असता तर मी भाड्याचा सेट घेऊन फक्त शेला आणि फेटा चांगला घ्या, असं सांगितलं असतं.

छाती ३८ आणि ४२ इंचांसाठीचा अंगरख्याचा कागदी साचा माझ्याकडे आहे, चौबगल्यासकट. पाचही जणांची छाती, खांदा आणि बाहीची मापं कळवा, म्हणजे कोणाला तो चालेल आणि कोणासाठी वाढवावा लागेल ते कापड घेण्याआधीच सांगतो.